शिट्टी आता माझ्या गळ्यात

बावीस वर्षांनी स्काउटचा स्कार्फ पुन्हा गळ्यात घातला. या वेळी पथकातला पोरगा म्हणून नाही, लीडर म्हणून. गणवेशाची पँट अर्थातच नवीन घ्यावी लागली. त्यावर अधिक बोलत नाही.

पहिल्याच दिवशी गाठी शिकवायच्या होत्या. रीफ नॉट म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ! उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. बोलता बोलता बांधली, ओढून दाखवली, तर एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, ही ग्रॅनी झाली." बघतो तर खरंच, रीफ चुकली की होते ती ग्रॅनी नॉट. टोकं दोरीला समांतर यायची ती आडवी बाहेर आलेली. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं होतं. म्हटलं, "मग तूच दाखव." तिने बांधली, एक टोक उलटं खेचून अलगद सोडवलीही. बँडेजला हीच गाठ का, तर चपटी बसते, टोचत नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी मागे जाऊन उभा राहिलो. १९०७ साली ब्राउनसी बेटावरच्या शिबिरात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या चार टोळ्या करून प्रत्येकीवर एकेक मुलगाच नायक नेमला होता. लहानपणी हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. खरं अवघड आहे ते गप्प बसणं. समोर तंबूची दोरी सैल बांधली जातेय, दिसतंय, आणि आपण हात खिशात ठेवायचे.

निघताना त्या मुलीने स्काउटच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. मी सवयीने उजवा.