स्लाइड पूर्ण सोडायला शिकताना

रिकामे मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, बदलल्यावर पिस्तुलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, पुढचे काडतूस कसे जाते, हे मला वाचून माहीत होते. माझ्या हातांना ते कळण्यासाठी मात्र टेक्सासमधल्या एका बंदिस्त रेंजवर सहा शनिवार घालवावे लागले.

पुण्यात महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये मी पॉइंट टू-टू रायफल चालवली होती. जमिनीवर पालथे पडून प्रत्येक गोळीसाठी बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, हातानेच मागे-पुढे करायचा असल्यामुळे काडतूस आत बसले की नाही, हे तळहाताला लगेच समजत असे. अमेरिकेत आल्यावर व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्यानुसार, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत मी त्या वाटेला गेलेच नाही. पन्नाशी ओलांडल्यावर प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले, तेव्हा हातात आले ते 9 मिलिमीटरचे ग्लॉक 17.

या पिस्तुलात शेवटची गोळी सुटली, की मॅगझिनमधला फॉलोअर, म्हणजे काडतुसांखालची पट्टी, स्लाइड स्टॉप या अडकवणाऱ्या कळीला वर ढकलतो आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेच अडकून राहते. रिकामे मॅगझिन खाली पाडून भरलेले आत ठोकून बसवले, तरी चेंबर रिकामेच असते. स्लाइड पुढे झेपावताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलत नेते, ते चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून चढून आत शिरते आणि काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या कडेला पकडतो. ही सगळी ताकद स्प्रिंगची असते, आपले काम फक्त तिला मोकळे करण्याचे. आणि नेमके तेच मला जमत नव्हते.

मोकळे करण्याच्या तीन पद्धती आम्हाला शिकवल्या गेल्या. पहिलीत डावा तळहात स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवून, चारी बोटे आणि तळहाताचा गादीसारखा भाग यांच्यात ती घट्ट धरून मागे ओढायची. दुसरीत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्लाइडचे मागचे टोक धरून गलोल ताणल्यासारखे ओढायचे. तिसरीत स्लाइडला हातही न लावता अंगठ्याने स्लाइड स्टॉपची कळ खाली दाबायची. चिमटीची पद्धत मी पहिल्याच दिवशी सोडली, कारण माझ्या बोटांत तेवढा जोर नाही.

तळहाताच्या पद्धतीने माझी स्लाइड मागे तर येत होती, पण पुढे जाताना काही मिलिमीटर अलीकडेच थांबत होती. काडतूस अर्धवट शिरलेले असे आणि ट्रिगर ओढला तरी काहीच होत नसे. मी स्प्रिंगला दोष दिला, काडतुसांना दिला. प्रशिक्षिकेने शांतपणे सरावाची बनावट, दारू नसलेली काडतुसे भरायला दिली आणि माझ्या हाताकडे पाहायला सांगितले. स्लाइड सोडल्यावरही माझा हात तिच्यासोबत पुढे जात होता. दार आपटू नये, भांडे आदळू नये, वस्तू हाताने अलगद ठेवावी, ही लहानपणापासूनची शिस्त इथे आड येत होती. मी स्लाइडला सांभाळून पोहोचवायला जात होते आणि त्यात स्प्रिंगचा वेग मारला जात होता.

त्यावरचा तिचा उपाय मी आजही प्रत्येक सरावाच्या आरंभी करते. स्लाइड मागे टेकेपर्यंत ओढायची आणि तिथे न थांबता हात तसाच मागे निसटू द्यायचा, इतका की तो खांद्यापर्यंत यावा. दुसरी गोष्ट जोराची. केवळ डाव्या हाताने ओढण्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घेऊन उजव्या हाताने त्याची मूठ पुढे ढकलायची आणि त्याच क्षणी डाव्याने स्लाइड मागे खेचायची, म्हणजे दोन्ही हातांचे बळ एका कामाला लागते. मनगटे दुखणाऱ्या किंवा वय झालेल्या कोणालाही मी आधी हेच सांगेन. तळहात मात्र काडतुसाचे रिकामे कवच बाहेर पडते त्या खिडकीवर येता कामा नये.

यातच एक चूक दडलेली आहे, आणि ती मी केली. जोर लावताना पिस्तूल आडवे होते आणि नळीचे तोंड शेजारच्या रांगेकडे वळते. माझ्या नळीचे तोंड वळलेले दिसताच प्रशिक्षिकेने माझे मनगट धरून सराव थांबवला आणि उरलेला तास मी एकही गोळी झाडली नाही. ते योग्यच होते. वळायचे ते आपण, पावले आणि कमरेसकट; नळी लक्ष्याकडेच राहिली पाहिजे आणि बोट ट्रिगरबाहेर, चौकटीवर सरळ.

चौथ्या शनिवारी कळ दाबण्याचा सराव झाला. ही पद्धत वेगवान आहे, कारण डावा हात मॅगझिन बसवून थेट पकडीकडे परततो. पण नव्या पिस्तुलाची ती बारीक कळ माझ्या अंगठ्याला कठीण जात होती. शिवाय उजवा अंगठा नकळत तिच्यावर विसावला, की शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकतच नाही. अशा वेळी ती आधीच पुढे असते आणि कळ दाबून काहीही साधत नाही. तळहाताने ओढणे मात्र दोन्ही स्थितींत चालते, आणि काडतूस फुटले नाही तर ते बाहेर काढण्याची हालचालही तीच आहे. वेगाची स्पर्धा खेळणारे कळ पसंत करतात, त्यांचे कारण मला पटते. मी माझ्यासाठी तळहात निवडला.

मॅगझिन जोरात ठोकल्यावर कधीकधी स्लाइड आपोआप पुढे जाते. एकदा माझ्या बाबतीत तसे झाले आणि मी खूश झाले, तेव्हा प्रशिक्षिकेने चेंबर उघडून पाहायला लावले. काडतूस आत होते, पण त्यावर विसंबायचे नाही, हे तिने बजावले.

सहाव्या शनिवारी प्रत्येकी 3 काडतुसांची मॅगझिने होती आणि त्यांत कुठेतरी एक बनावट मिसळलेले. मी पाच वेळा मॅगझिन बदलले आणि पाचही वेळा स्लाइड पूर्ण मिटली. शेवटी मॅगझिन काढून, चेंबर उघडून आतले खरे काडतूस बाहेर घेतले. ते त्या दिवशी दुसऱ्यांदा चेंबरमध्ये गेले होते. प्रत्येक वेळी उतारावर आदळून गोळी काडतुसाच्या कवचात थोडी आत दाबली जाऊ शकते आणि मग झाडताना आतला दाब धोकादायक वाढतो, म्हणून ते मी नव्या काडतुसाशेजारी उभे धरून उंची ताडून पाहिली. फरक दिसला नाही. तरी ते मी वेगळ्या डबीत ठेवले, पुढच्या शनिवारी सर्वांत आधी झाडण्यासाठी.