ह्येच्यात गाणा खंय आसा?

मालवणात माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. काउंटरमागे एक लांबलचक काळी बॅग उभी असते. आत बेस गिटार (चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "या वयात? एवढा धीर कुठून आणता हो?" परवा तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

धीर माझ्याकडे नाही. बँकेच्या रांगेत पुढचा माणूस स्लिप भरायला लागला तरी माझं डोकं फिरतं. पहिल्या चार महिन्यांत हे वाद्य मी दोनदा विकायला काढलं होतं. टिकलो, कारण माझा अर्धा वैताग चुकीच्या गोष्टींवर होता हे हळूहळू कळत गेलं.

आधी हाताचं. बेसवर तारेची लांबी नटपासून ब्रिजपर्यंत (दांड्याच्या टोकाच्या पट्टीपासून खाली तारा टेकतात तिथपर्यंत) साधारण ३४ इंच असते, साध्या इलेक्ट्रिक गिटारवर साडेपंचवीसच्या आसपास. त्यामुळे पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) चौथ्यापर्यंत पाच इंच होतात. व्हिडिओतला मुलगा सांगतो, चार बोटं चार फ्रेटवर ठेवा. त्याची पोचत असतील. माझ्या मनगटात कळ यायला लागली. शेवटी कुडाळला ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका ओळखीच्याने हात बघितला आणि हसला. उभा डबल बेस (व्हायोलिनसारखं, माणसाएवढं वाद्य) वाजवणारे खालच्या स्वरांत तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यावरच भागवतात, म्हणाला. तीन फ्रेट घ्या आणि पुढे हात सरकवा. दोन मिनिटांचं काम होतं ते.

मग आला जुलै. रोज नीट वाजणारी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, अचानक खरखरायला लागली. मी बोट बदललं, जोर वाढवला, जोर कमी केला, तीन आठवडे स्वतःला शिव्या घातल्या. "आपल्याच्याने होत नाही" हे वाक्य याच दिवसांत पक्कं झालं होतं. निघालं काय, तर आमच्या पावसात लाकडाने ओल धरली आणि नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, किंचित हलली. आत त्याचा बाक सांभाळणारी धातूची सळई, ट्रस रॉड असतो, तो पाव वळसा फिरवल्यावर खरखर गेली. (स्वतः फिरवायला जाऊ नका. जाणत्याकडून करून घ्या.) खाऱ्या हवेचंही तसंच. वाजवून झाल्यावर तारा सुक्या सुती फडक्याने पुसल्या नाहीत तर गंजतात, खरबरीत होतात आणि बोटं सोलतात. नवशिक्याला वाटतं आपली बोटंच नाजूक.

आता शेजारच्या काकींचं. मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. मोबाईलच्या स्पीकरला ती झेपत नाहीत, म्हणून शिकवणीचे व्हिडिओ हेडफोन लावूनच बघावे लागतात. माझ्या अँपला (आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला) मात्र झेपतात. इतकी, की आमच्या मांडणीवरची ताटं वाजतात आणि काकी गडग्यापलीकडून ओरडतात, "काय रे, सकाळपासून ता एकच डुम डुम? ह्येच्यात गाणा खंय आसा?"

प्रश्न बरोबर आहे. गाणं नव्हतंच, आणि मी रोज त्याचीच वाट बघत होतो. म्हणून रात्री गिटार ठेवताना हात रिकामेच वाटायचे.

वाट बघणं सुटलं ते भजनामुळे. आमच्या मंडळात मी वीस वर्षं टाळ वाजवतोय. टाळ वाजवणं सोपं असतं, नेमक्या जागी दाबून गप्प करणं कठीण. बेसवरही तेच निघालं. स्वर लागतो कोणाच्याही हातून. तो कुठे संपवायचा आणि बाकीच्या तीन तारा गुणगुणू नयेत म्हणून कशा दाबून धरायच्या, हे खरं काम. तेव्हापासून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावतो, एकच स्वर घेतो आणि फक्त त्याचा शेवट ऐकतो. दोन ठोक्यांमध्ये पुरता एक सेकंद असतो. बघा एकदा वाजवून, घाम फुटतो. जलद वाजवताना चुका झाकल्या जातात, इथे लपायला जागा नसते. पण आज दहातले सहा स्वर स्वच्छ तुटले, काल चार तुटले होते, एवढं झोपताना माहीत असतं. पंधरा मिनिटं पुरतात. लाईट गेली तर गिटारच्या वरच्या शिंगावर (अंगाच्या टोकदार कोपऱ्यावर) हनुवटी टेकतो. स्वर हाडातून थेट कानात येतो आणि काकींना पत्ता लागत नाही.

गेल्या गणपतीत मंडळातल्या पोरांनी आग्रहच धरला, आणा म्हणून. बुवांची पट्टी काळी चार, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. म्हणजे सा ई तारेवर चौथ्या फ्रेटला आणि पंचम पुढच्या तारेवर सहाव्याला. अख्खा अभंग मी त्या दोन स्वरांवर काढला. पखवाजवाल्याने एकदा वळून बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही, ते मला फार बरं वाटलं. पुढे गजर सुरू झाला, लय चढली आणि चौथ्या आवर्तनाला माझा हात मागे पडला. गिटार मांडीवर आडवी ठेवली, तिच्या तारांवर पंचा टाकला आणि शेजारच्याचे टाळ ओढून घेतले.