‘संस्था’ या रकान्यात मी काय लिहायचं?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन महिने जिना उतरायला मनाई केली. तेव्हाच ठरवलं, बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा ठेवा घरबसल्या बघायचा. माझं बालपण अलिबागचं. इस्रायल आळीतल्या मैत्रिणीकडे एलियाहू हनावीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा हा प्रसाद व्हायचा. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. ती चव अजून जिभेवर आहे.

वास्तू भराभर सापडल्या, म्हणजे सिनेगॉग, ज्यूंची प्रार्थनास्थळं. अलिबागचं मागेन अबोथ, पुण्याचं लाल देऊळ (हे मात्र बगदादी ज्यूंनी बांधलेलं), मुंबईतलं १७९६ सालचं शाअर हारहमीम. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा ज्यू कलेचा संग्रह तर ऑनलाइन खुलाच आहे, त्यात रात्री कशा सरल्या कळलंच नाही.

घोडं अडलं ते हगादापाशी. पेसाहच्या, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ही पोथी १८७४ साली पुण्यात छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. परदेशातल्या एका ग्रंथालयात तिची प्रत होती. त्यांच्या सूचीत मी देवनागरीत ‘हगादा’ लिहिलं, ‘हग्गादा’ लिहिलं, ‘पुणे’ लिहिलं. एकही नोंद नाही. शेवटी रोमन लिपीत ‘पूना’ आणि साल टाकलं, तर पहिलीच नोंद तिची! पानापानावर मराठी असलेली पोथी मराठीत विचारली तर सापडत नाही, याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

पानं बघण्यासाठी अर्ज करायचा होता. त्यात ‘संस्था’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी निवृत्त शिक्षिका, कुठली संस्था लिहू? ‘नाही’ लिहिलं, अर्ज परत आला. जुन्या शाळेचं नाव लिहिलं, तर मार्गदर्शकाचं नाव मागितलं. ईमेल केला. दहा दिवसांत कळवू, असं आपोआप उत्तर आलं. एकोणीस दिवस मी रोज सकाळी चहाआधी ईमेल उघडत होते.

मग दुसरा ईमेल लिहिला. सूचीतला नोंद क्रमांक दिला, सबंध पोथी न मागता चारच पानं मागितली आणि लिहिलं की मी मराठी वाचणारी आहे, तुमच्या नोंदीसाठी देवनागरीत माहिती लिहून देते. तिसऱ्या दिवशी पानं आली. नोंद क्रमांक पहिल्याच ईमेलात द्या, माझे तीन आठवडे त्यापायी गेले.

हो, शाअर हारहमीम शोधताना ‘जुनी मशीद’ हे नावही वापरून बघा. बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत. आणि सिनेगॉगच्या विश्वस्तांना काही विचारायचं असेल तर शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ फोन करू नका, शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून तर कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडलं.

त्या पानांत एक चित्र आहे. पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका, साड्या नेसलेल्या. मी ते मोठं करून कितीतरी वेळ बघत बसले. अलिबागची ती मैत्रीण आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिलाही पाठवलं. तिचा लगेच फोन आला, “अगं, आमची आजी अश्शीच बसायची.”

देवनागरीतली माहिती पाठवून महिना झाला. ती नोंदीत अजून चढलेली नाही. मी दर सोमवारी बघते.