चित्राची पाठ

सोमवार, रात्र

पाऊस थांबत नाही आणि मला झोप नाही. ताईचा फोन वाजून गेला, उचलला नाही. तिला काय सांगू?

सकाळी गॅलरीत एक आजी आल्या. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथेच्या, पहिल्या चित्रासमोर फरशीवरच मांडी घालून बसल्या. दमल्या असतील म्हणून पाणी दिलं. प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "मगे गे चेडवा, सुरू कधी होतला?"

आजी, हे प्रदर्शन आहे, बघायचं, म्हटलं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्येच्या पाठल्यान काय हा?"

पाठीमागे दुसरं चित्र आहे. हे मला माहीत होतं. चित्रकथीच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गायची आणि एकेक पान उलटत पुढचा प्रसंग दाखवायचा. आम्ही ती पानं सुटी करून चौकटीत घातली, म्हणजे अर्धं रामायण भिंतीकडे तोंड करून उभं आहे. पट्टीवर मात्र मीच लिहिलंय, 'कथनाची परंपरा'.

पंधरा दिवस खपून लिहिलेल्या पट्ट्या. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचा ठाकर समाज, सावंतवाडी संस्थानचा आश्रय, २०२१ साली परशुराम गंगावणे यांना मिळालेली पद्मश्री, सगळं त्यात आहे. कुणी वाचलं? शनिवारच्या व्याख्यानाला चाळीस खुर्च्या मांडल्या, अकरा माणसं आली. तेव्हा रडू आलं होतं. आज आलं नाही, पण आजचंच जास्त लागलंय.

काचेला कारण आहे. कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी किती पटकन धरते ते मी घरातल्या कपाटात बघते. चित्रं जपायलाच हवीत. हे मी दिवसभर मनाशी घोकतेय आणि तरी 'सुरू कधी होतला' काही जात नाही. पिंगुळीला गंगावण्यांनी गुरांच्या गोठ्यातच चित्रकथीचं संग्रहालय केलंय, तिथे गेले तेव्हा पोथी माझ्या डोळ्यांसमोर उलटत होती. पुढचं पान येईपर्यंत श्वास धरून बसले होते मी. तेच विसरले. मुलांच्या गंजिफा कार्यशाळेत पत्ते हातात द्यायचे हे मला सुचलं, गोल पत्ता बोटांत धरल्याशिवाय कळत नाही हे मीच सगळ्यांना सांगितलं. मग इथे कसं सुचलं नाही?

आईची आठवण आली. असो.

संध्याकाळी, ज्यांची चित्रं आहेत त्यांना फोन केला. चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, पोथी दुसरी आहे घरात, रविवारी घेऊन येतो, सतरंजी घाला. बस्स, एवढंच. इतकं सोपं होतं आणि मी भिंतीची लांबी मोजत बसले होते. सतरंज्या शेजारच्या देवळातून मिळतील. खुर्च्या मांडायच्याच नाहीत. अकरा आली तर अकरा, पोथीसमोर तेवढी पुष्कळ.

आजी दुपारच्या एसटीने गेल्या. दारात चपला घालताना परत एकदा आत वळून बघितलं त्यांनी. गाव कुठलं, हे विचारायचं राहिलं. उद्या स्टँडवर जाऊन दुपारच्या गाड्या कुठे कुठे जातात ते बघते.