लंडनहून आलेला माझाच फोटो

शनिवारवाड्यात दिल्ली दरवाज्यातून आत गेलं की आज दिसतात ती दगडी जोती, हिरवळ आणि हजारी कारंजं. आतल्या इमारती १८२८ च्या फेब्रुवारीतल्या आगीत गेल्या. आमच्या स्टुडिओकडे काम आलं ते त्यातल्या एकाच दालनाचं, गणेश रंगमहालाचं. नानासाहेब पेशव्यांनी तो १७५५ मध्ये बांधवला. एका प्रदर्शनासाठी मोठं पॅनेल करायचं होतं आणि त्याच चित्राची छोटी आवृत्ती १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनाच्या सकाळी, ऑनलाइन टाकायची होती.

एरवी मी बिल्डरांसाठी संगणकावर चित्रं करते. न बांधलेल्या इमारतीपुढे न लावलेली झाडं लावायची, बाल्कनीत चहाचे कप मांडायचे, आकाश नेहमी संध्याकाळचं. त्यात नकाशे तरी हातात असतात. रंगमहालाच्या बाबतीत आमची सगळी भिस्त होती थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराच्या तैलचित्रावर. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह करतो आहे, असा तो प्रसंग. तह १७९०चा, चित्र १८०५चं, आणि ते आहे लंडनच्या टेट संग्रहालयात. गंमत अशी की ते ज्या रेखाटनांवरून रंगवलं, ती जेम्स वेल्स या चित्रकाराची. वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर. दालन त्यानं पाहिलेलं, प्रसंग मात्र न पाहिलेला. पुढे तो वारला आणि चित्र पुरं केलं दुसऱ्यानंच, तेही इंग्लंडात. थोडक्यात, आम्ही करतो तसलंच काम ते. ज्यांना संगणकावरचं चित्र म्हणजे लबाडी वाटते, त्यांना मी ही हकिगत आवर्जून सांगते.

आमचे सल्लागार म्हणजे मोडी वाचणारे एक निवृत्त प्राध्यापक. स्टुडिओत सगळे त्यांना सर म्हणतात. पडद्याला रंग दिला की सर विचारणार, "हा कुठून आणलात?" कुठूनच आणलेला नसला की मान हलवणार. तरी दिव्यांच्या उजेडाला त्यांनी परवानगी दिली. दालनात माणसं नकोत हेही त्यांचंच म्हणणं. एकदा माणूस उभा केला की पगडी कुणाची, अंगरखा कसला, असे वाद सुरू होतात.

दिव्यांचा उजेड ऐकायला छान वाटतो, रेंडर करणाऱ्याचा, म्हणजे संगणकातल्या मॉडेलवरून चित्र काढणाऱ्याचा, मात्र जीव काढतो. छताला हंड्या, खाली समया, आणि काचेवरून, पितळेवरून उडणारा उजेड. ब्लेंडर या आमच्या सॉफ्टवेअरचं सायकल्स इंजिन प्रकाशाचे किरण एकेक करून मोजतं. उजेडाचे उगम बारीक आणि भरपूर असले की काळोख्या भागात रवा दिसतो, आणि मध्येच पांढरे ठिपके चमकतात, ज्यांना आम्ही फायरफ्लाय म्हणतो. रवा घालवायला डिनॉइझर लावला तर खांबांवरची नक्षी मेणासारखी गुळगुळीत झाली. मग नक्षीचा आणि पृष्ठभागांच्या दिशेचा वेगळा पास, म्हणजे तेवढ्याच माहितीचा थर, डिनॉइझरला पुरवला, खांबांपुरते सॅम्पल, म्हणजे मोजायचे किरण, वाढवले आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून जुळवली. डाव्या कोपऱ्यातल्या समईची एक वात मी मुद्दाम विझवून ठेवली होती. तिची ज्योत नेमकी मागच्या खांबाच्या कडेवर येत होती आणि खांब तुटल्यासारखा दिसत होता.

मूळ फाइल ईएक्सआर या प्रकारची. तिच्यात अंधाराच्याही बारीकसारीक छटा राहतात. पॅनेलसाठी ती थेट छापखान्याकडे गेली. फोनवर दिसणारं चित्र हे निराळंच काम आहे, आणि लोकांना वाटतं ते एक बटण दाबण्याचं. तिथे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. समईपासून भिंतीकडे विरत जाणाऱ्या उजेडाच्या वाट्याला त्यातल्या अगदी थोड्या येतात, म्हणून भिंतीवर पट्टे उठतात. वर अपलोड करताना जेपेग होतं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, आणि अंधारात ते चौकोन डोळ्यांना दिसतात. यावर जुना उपाय आहे: वरून हलका, एकसारखा ग्रेन, म्हणजे बारीक रवा, घालायचा. पट्टे मोडतात, चौकोन लपतात. तसा तो घातला, रंग पडद्यांसाठीच्या एसआरजीबी या मापात बसवले, १०८० बाय १३५० चा उभा काप घेतला. तळाशी काळी पट्टी ठेवून तिच्यावर लिहिलं, ‘संगणकावर तयार केलेलं कल्पनाचित्र’. फाइलच्या आत स्टुडिओचं नावही होतं, पण समाजमाध्यमांवर चढवताना ही आतली माहिती बहुधा गळून पडते. सकाळी चित्र टाकलं आणि मी बिल्डरच्या क्लब हाउसकडे वळले.

दुपारी डबा उघडला तर आत्याचा मेसेज. सेपिया रंगातला एक फोटो आणि खाली मजकूर: ‘शनिवारवाड्याचा अत्यंत दुर्मिळ फोटो, आगीपूर्वीचा. लंडनच्या म्युझियममधून प्रथमच बाहेर. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा.’ त्याखाली आत्यानं स्वतः लिहिलेलं, ‘बघ गं, तुझ्या कामाला उपयोगी पडेल.’

मी चित्र मोठं केलं. डाव्या कोपऱ्यातली समई, तिची विझलेली वात. तळाची पट्टी कापलेली, वर पिवळट रंग फासलेला.

आत्याला फोन लावला. "अगं आत्या, हे मी केलंय. महिनाभर हेच तर करत होते."

"तू कशाला करशील? खाली लंडनचं लिहिलंय ना."

"आग लागली १८२८ला. कॅमेरा जगाला दाखवला १८३९ मध्ये, पॅरिसला. आगीपूर्वीचा फोटो कुठून येईल?"

"इंग्रजांकडे आधीच असेल. ते काय सगळं सांगतात का आपल्याला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कॅमेरा असता तरी उपयोग नव्हता. सुरुवातीच्या प्लेटांना भर उन्हातसुद्धा काही मिनिटं लागत. समईच्या उजेडात त्यांच्यावर काहीच उमटलं नसतं. संध्याकाळपर्यंत तोच फोटो ऑफिसातल्या प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आला होता. एका ठिकाणी दालन रिकामं का, याचाही खुलासा सापडला: पेशवे मोहिमेवर गेलेले असताना फोटो काढला. आणि खरेपणाचा पुरावा म्हणून बहुतेक जण बोट ठेवत होते त्या ग्रेनवर. ‘झूम करून बघा, जुन्या फिल्मचे कण दिसतात.’ म्हणजे चौकोन लपवायला घातलेल्या रव्यानंच आम्हाला लंडनला नेऊन ठेवलं. कारागीर म्हणून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या पार्टनरचं म्हणणं पडलं की गप्प बसावं, आपलं काम लाखभर लोक बघतायत. मला ते पटलं नाही. मी मॉडेलमधल्या त्याच कॅमेऱ्यातून दुसरं रेंडर काढलं: रंग नाही, पोत नाही, सगळं राखाडी मातीचं, आणि त्यावर मेशच्या, म्हणजे मॉडेल ज्या जाळीनं बनतं तिच्या, रेघा. हे मूळ चित्राशेजारी ठेवून टाकलं. खांबाच्या नक्षीतले चौकोन न् चौकोन मोजता येत होते. यापुढे काय बोलणार, असं वाटलं. पहिलंच उत्तर आलं, ‘छान! लंडनच्या फोटोवरून हुबेहूब मॉडेल बनवलंत.’

सरांना फोन केला तेव्हा ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "लोकांना फसवायला सेपिया लागला हे खरं, पण तुमच्या चित्रात तरी कुठे दिसतं की काय माहीत आहे आणि काय नाही? पडदेही तितकेच पक्के आणि खांबही तितकेच पक्के."

"पण सर, पट्टी होती ना."

"पट्टी कापता येते. शंका चित्रातच ठेवा."

या धंद्यात त्याचेही नियम झालेले आहेत. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी ‘लंडन चार्टर’ नावाची एक सनद आहे, २००६ सालची, २००९ मध्ये सुधारलेली. पुरावा किती आणि तर्क किती हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, असं ती सांगते. या सगळ्या भानगडीत लंडनचा खरा संबंध एवढाच आणि टेटमधल्या तैलचित्राचा. मी ती सनद पूर्वी वाचली होती. पण बिल्डरच्या कामात तर्क दाखवायचे पैसे कुणी देत नाही.

रात्री थांबून सरांसोबत व्हिडिओ कॉलवर यादी केली. तैलचित्रात दिसणारे खांब आणि कमानी पूर्ण रंगात. चित्राच्या चौकटीबाहेरची उजवी भिंत, पडदे आणि समया राखाडी. हंड्यांवर सरांचं आणि माझं वाजलं. शेवटी त्याही राखाडी झाल्या. उजेड तेवढा ठेवला, कारण उजेडाशिवाय काहीच दिसलं नसतं. अक्षरं पट्टीतून काढून मधल्या कमानीखालच्या फरशीवर, चित्राच्या ऐन मध्यात आणली. ती कापायची तर रंगमहालच कापावा लागेल.

हे चित्र पहिल्याच्या पासंगालाही पुरलं नाही, लाइक्सच्या हिशेबात. प्रदर्शनवाल्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कळवलं की पॅनेलवरही हेच घ्या. छापखान्याला आधीची फाइल थांबवायला सांगितली.

आत्यालाही पाठवलं होतं. तिचं उत्तर सकाळी आलं: ‘हे अर्धवट काय पाठवलंस? रंग भरून झाले की पाठव, ग्रुपवर टाकते.’