दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

रविवार, रात्री साडेदहा. सांगली.

पाऊस दिवसभर थांबून थांबून. संध्याकाळी आयर्विन पुलावर पाणी बघून आलो. जुलैमध्ये तिथले फुटांचे आकडे बघितल्याशिवाय सांगलीकराच्या घशाखाली घास उतरत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आज पाणी बरंच खाली आहे. शेजारी उभा असलेला एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता, यंदा पूर येत नाही. कोयनेतून किती सोडलंय ते त्याला माहीत नव्हतं. घर कुठं, विचारलं तर म्हणाला, काठालाच. मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

तीन आठवडे मीही तेच करतोय. पुण्यातल्या कंपनीत अकाउंट्सची नोकरी, पगार इथल्या जवळजवळ दुप्पट. उद्या अकरापर्यंत कळवायचंय. आई सांगली सोडायला तयार नाही, हिची शाळा इथं. पहिल्या रात्री गुडघे टेकून विचारलं, प्रभू, जाऊ का? आवाजबिवाज काही आला नाही, पण पोटात खड्डा पडला आणि उत्तर कळलं. म्हणूनच घाईघाईनं उठलो. आमेनसुद्धा अर्धवटच म्हटलं.

मग बायबलमधल्या गिदोनाची युक्ती. देवाची इच्छा कळावी म्हणून त्यानं खळ्यात लोकर ठेवली, मी उशाशी मोबाईल ठेवला. शुक्रवारपर्यंत फोन आला तर ती तुझी इच्छा. आला की! गुरुवारीच आला. रोजनिशीत तरी खरं लिहावं: गुरुवारी फोन करतो, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जेवताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनाही मध्ये ओढलं. १९१७ मध्ये टिळक मिशनचं काम सोडून साताऱ्याला आले, तिथं 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. देव माणसाला असा जागचा हलवतो, म्हटलं. ही म्हणाली, "ते पगार सोडून निघाले होते. तुम्ही पगारासाठी निघालाय." आणि आमटी वाढली.

आज उपासनेत वाचन नेमकं बायबलमधल्या गणना पुस्तकाचा २२वा अध्याय, बलाम या द्रष्ट्याची गोष्ट. बलाम म्हटलं की आपल्याला बोलणारी गाढवी तेवढी आठवते. आज मी त्या आधीच अडकलो. मवाबाचा राजा बालाक याची माणसं त्याला इस्राएलांना शाप द्यायला न्यायला येतात, देव बलामाला स्वच्छ सांगतो, जाऊ नकोस. तो त्यांना परत पाठवतो. मग जास्त माणसं येतात, जास्त मानाची. बलाम बोलतो फार छान: घरभर सोनं-रुपं दिलं तरी मी देवाचा शब्द मोडणार नाही. आणि लगेच, आजची रात्र राहा, परमेश्वर आणखी काय सांगतो ते बघतो. त्या 'आणखी'ला मी अडखळलो. पहिल्या उत्तरात कमी काय होतं? फक्त त्याला हवं ते नव्हतं.

आणि दुसऱ्यांदा देव जा म्हणतो, अन् निघाल्यावर कोपतो. लहानपणी मला हा सरळ अन्याय वाटायचा. पण पोरगं हट्टाला पेटलं की आई शेवटी म्हणतेच ना, "जा, कर काय करायचं ते." त्या 'जा'चा अर्थ जा असा नसतो, हे पोरालाही पक्कं ठाऊक असतं.

दुपारी आईजवळ बसलो. तिची सगळी नोकरी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात गेली, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या. म्हटलं, आई, तू प्रार्थना कर. म्हणाली, "करते की. पण टेबलावर आडवा झालेला पेशंट डॉक्टरला इथं काप, तिथं कापू नको, असं सांगतो का रे? तू सांगतोस." एवढं बोलून कूस बदलली.

पुराचं कारणही मी लोकांना सांगतो. २०१९ ला पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या तळमजल्यात गाळ भरला, आईचं कपाट गेलं. सगळं खरं आहे. फक्त ते मला पगाराचा आकडा ऐकल्यानंतर आठवलं.

मघाशी पुन्हा गुडघे टेकले. क्रूसाच्या आदल्या रात्री येशूनं केलेली गेथशेमाने बागेतली प्रार्थना म्हणायची होती. माझ्या इच्छेप्रमाणे नको, हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलंय. पण प्रभूनं त्याआधी हा प्याला टळू दे, असं उघड मागितलं होतं. मी माझं कधी उघड मागितलंच नाही. पुण्यात चर्चची मोठी मंडळी आहे, तिथं सेवा करता येईल, असलं काहीबाही गुंडाळून पुढं केलं. आज सरळ म्हणालो: मला पैसे पाहिजेत. इथं बत्तीस वर्षं सगळ्यांचं करून मी कंटाळलोय. मला जायचंय.

बोलून हलकं वाटलं, थोडी लाजही वाटली. मग 'तथापि' म्हटलं, आणि पुढचे शब्द तोंडातून निघेनात. बराच वेळ तसाच बसलो. पाय मुंग्यांनी भरले. आतून आईनं हाक मारली, पाणी हवं होतं.