बकेट काढा, दाते लावा

आपल्याकडे ट्रॅक्टरची सगळी करामत मागे. नांगर मागे, रोटाव्हेटर मागे, ट्रॉली मागे. इथे परदेशात घराभोवती थोडी जमीन असलेल्यांचे पंचवीस-तीस एचपीचे ट्रॅक्टर बघाल तर मागे बऱ्याचदा नुसतं वजन लटकवलेलं असतं आणि काम सगळं पुढच्या लोडरवर, म्हणजे ओझं उचलणाऱ्या हायड्रोलिक हातांवर. त्या लोडरची बकेट, म्हणजे माती भरायचं सूप, काढून पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची बैठक) उचलायचे दोन पोलादी दाते लावले, की ट्रॅक्टरचा हमाल होतो. ‘घरच्या कामाला एवढी यंत्रं कशाला?’ हा प्रश्न तिकडून येणारच. हाक मारल्यावर चार जण येत असतील तर खरंच नकोत. इथे हाकेला येणारं कुणी नसतं आणि पाठ एकच असते.

दात्यांचा खरा उपयोग मात्र ते विकत घेतल्याने होत नाही. सामान मुळात जमिनीला टेकवायचंच नाही, ही सवय लागली की होतो. रोटाव्हेटर, ब्लेड, फवारणीचा पंप, सगळं आपापल्या पॅलेटवर बांधून ठेवायचं. शेडमध्ये हवं तसं सरकवता येतं आणि ट्रॅक्टरला जोडताना अवजार इंच-इंच ढकलत बसावं लागत नाही. पॅलेट नसेल तर खाली दोन जाड वासे टाकले तरी दाते शिरायला फट मिळते.

हजार लिटरच्या प्लास्टिक टाकीभोवती लोखंडी पिंजरा असतो ना, तो सरपणासाठी उत्तम. टाकी काढा, पिंजऱ्याची एक बाजू वरून अर्धी कापा, फोडलेली लाकडं थेट आत रचा. तोच पिंजरा उन्हात वाळवायला आणि तोच दारापर्यंत आणायला. लाकडाला हात दोनदाच लागतो. ओलं लाकूड बरंच जड असतं, म्हणून ते भरताना पिंजरा अर्धाच भरा. आणि दाते निवडताना लांबीचा मोह आवरा. मीटरभर खोलीच्या पॅलेटमध्ये 48 इंची दाता घातला की पलीकडे वीतभर बाहेर निघतो आणि तिथे ठेवलेल्या टाकीला भोक पाडतो. छोट्या ट्रॅक्टरला 42 इंची पुरे.

पाण्याने भरलेली टाकी मात्र या ट्रॅक्टरने उचलायची नाही. हजार किलो पाणी, वर टाकीचं आणि पिंजऱ्याचं वजन. अर्धी भरलेली आणखी वाईट, कारण पाणी हिंदकळतं आणि वळणावर ट्रॅक्टरला बाजूला ओढतं.

आता ज्यावर मनापासून चिडावं अशी गोष्ट: माहितीपत्रकातला उचलण्याचा आकडा. तो बऱ्याचदा बकेट जिथे जोडतात त्या पिनांवर मोजलेला असतो. पिनांवर कुणी ओझं ठेवत नाही. समजा आकडा 700 किलोचा आहे आणि लोडरचे हात मागच्या बिजागरीपासून पिनांपर्यंत 2 मीटर लांब आहेत. दात्यांची चौकट 120 किलोची, तिचा भार पिनांच्या 30 सेंटिमीटर पुढे. पॅलेटवरच्या मालाचा मध्य पिनांच्या 60 सेंटिमीटर पुढे. हात आडवे असताना 700 गुणिले 2 म्हणजे 1400. त्यातून चौकटीचे 120 गुणिले 2.3 म्हणजे 276 गेले. उरलेल्या 1124 ला 2.6 ने भागा. हाती आले जेमतेम 430 किलो. हिशेब ढोबळ आहे, पण सिमेंटच्या 50 किलोच्या किती गोण्या एका खेपेत न्यायच्या ते यावर ठरतं. 14 नव्हे, 8. बकेटच्या ओठावर आवळून बसवायचे स्वस्त दाते मिळतात, त्यात तर माल आणखी पुढे जातो आणि ओठ वाकतो तो वेगळाच. पैसे वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात.

मागचं वजन शोभेचं नसतं. 200 लिटरच्या पिंपात काँक्रीट ओतलं की साधारण पावणेपाचशे किलो होतात. ते थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या तीन टोकांवर टांगायचं, अर्थात तुमच्या लिफ्टला पेलत असेल तर. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यानेही मागचा भाग जड होतो, पण पुढच्या एक्सलवरचा भार हलका होत नाही. एक्सलच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं पुढचा भार कमी करतं. फरक स्टिअरिंगला लगेच कळतो.

उतारावर याचं मोल जास्त. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे ओझं, मागची चाकं हलकी, की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. म्हणून फोर-व्हील लावूनच उतरायचं, म्हणजे पुढची चाकंही धरतात. चढताना तोंड वर, उतरताना रिव्हर्स. ओझं कायम चढाच्या बाजूला. दाते जमिनीपासून फूटभर, टोकं किंचित वर, सीटबेल्ट लावलेला.

कुंपणाचे जुने खांब उपटायला दात्यांसारखं काही नाही. आदल्या रात्री बुंध्याशी पाणी सोडा. साखळीचे दोन वेढे खांबाला जमिनीलगत द्या आणि दुसरं टोक चौकटीला, दात्याच्या मुळाशी अडकवा. टोकाला अडकवलीत तर ताण येताच निसटते आणि ताकदही बरीच कमी पडते. आधी चौकट मागे झुकवून खांब सैल करा, कारण लोडरची झुकवायची ताकद उचलायच्या ताकदीपेक्षा बहुधा जास्त असते. मग सरळ वर. ट्रॅक्टरचं मागचं चाक उचललं जायला लागलं की थांबा आणि फावडं घ्या. कुजलेला खांब जमिनीलगत मोडतो, त्याला इलाज खणण्याचाच. एकाच दात्याने मुळं-दगड उचकटायचा हट्ट नको; लोडरचे हात पिळतात आणि मग बकेट कधीच सपाट बसत नाही.

छाटलेल्या फांद्या एकाच दिशेने, आडव्या रचल्या तर दाते खालून अख्खा ढीग उचलतात. ओंडक्यांचं तसं नाही. साध्या लोडरमध्ये हात वर जातात तशी चौकट मागे कलते, आणि गोल ओंडका हातांवरून गडगडत थेट चालकाच्या मांडीवर येतो. यात जीव जातात. उचलता उचलता चौकट पुढे झुकवत राहा, ओंडका पट्ट्याने चौकटीला बांधा, खांद्याच्या वर नेऊ नका. दात्यांवर धरून करवत चालवायची असेल तर खाली ठोकळे लावून भार त्यांवर टेकवा, कारण इंजिन बंद केलं तरी हायड्रोलिक हळूहळू खाली उतरतं. फळं तोडायला माणूस वर चढवणं तर सोडूनच द्या. हात शिवशिवतात, मान्य.

चालकाच्या जागेवरून टोकं दिसत नाहीत. टोकांना वीतभर पांढरा रंग द्या. दाते जमिनीवर सपाट टेकवून, झुकवायच्या सिलिंडरजवळ जिथे नजर सहज जाते तिथे रंगाची एक रेघ ओढा. ती रेघ जुळली की दाते सपाट आहेत, खाली उतरून बघायला नको.